विद्यापीठाच्या वेधशाळेत पहिल्यांदा आकाशदर्शनाला जाताना

वेधशाळेच्या खुल्या आकाशदर्शनाला पहिल्यांदा आलेला माणूस आयपीसला (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला) डोळा लावतो, दोन-तीन सेकंदांत "हो, दिसलं" म्हणतो आणि मागच्याला जागा करून देतो. एवढ्या वेळात त्याला फार तर एक उजळ ठिपका दिसलेला असतो. शनीला कडी आहेत हे क्षणात कळतं, पण त्या कड्यांमधली बारीक काळी फट दिसायला अर्धं मिनिट शांतपणे बघत राहावं लागतं. दुर्बीण कितीही मोठी असली तरी शेवटी बघायचं आपल्याच डोळ्याने, आणि त्या डोळ्याला वेळ लागतो. पुढच्या सगळ्या सूचना रांगेतून मिळणारं ते एखादं मिनिट वाया जाऊ नये यासाठी आहेत.

आधी रात्र निवडा

बहुतेक वेधशाळांचे कार्यक्रम ठरलेल्या वारी असतात. त्यातला कोणता दिवस घ्यायचा हे चंद्र पाहून ठरवा. तुम्हाला चंद्रावरची विवरं बघायची आहेत की तारकागुच्छ आणि दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह), हे पहिल्यांदा मनाशी पक्कं करा, कारण दोन्ही गोष्टी एकाच रात्री चांगल्या दिसत नाहीत.

चंद्रासाठी शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस उत्तम. तेव्हा चंद्र संध्याकाळी आकाशात वर असतो आणि त्याच्या उजेडाची आणि अंधाराची सीमा बिंबाच्या मध्यभागातून जाते. या सीमेवर सूर्य नुकताच उगवत असतो. त्यामुळे डोंगरांच्या आणि विवरांच्या कडांच्या लांब सावल्या पडतात, आणि खोली दिसते ती या सावल्यांमुळेच. अंधाऱ्या बाजूला एखादा सुटा प्रकाशबिंदू दिसला तर तो डोंगराचा माथा असतो. पायथ्याशी अजून रात्र आणि शिखरावर ऊन. पौर्णिमेला चंद्र सर्वांत तेजस्वी असतो खरा, पण ऊन समोरून पडल्याने सावल्या नाहीशा होतात आणि तो सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. त्या रात्री टायको विवरापासून पसरलेले पांढरे पट्टे मात्र छान दिसतात.

तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका बघायच्या असतील तर अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्या. कृष्ण पक्षातली अष्टमी किंवा त्यानंतरचा दिवसही चालतो, कारण तेव्हा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास किंवा त्यानंतर उगवतो आणि संध्याकाळचं आकाश काळोखं मिळतं.

ग्रहांचं गणित वेगळं आहे, त्यांना चांदण्याचा फारसा त्रास होत नाही. मंगळ, गुरू किंवा शनी प्रतियुतीत (म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला) असताना सूर्यास्ताला उगवतात, रात्रभर आकाशात राहतात आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळ असल्याने मोठे दिसतात. पण प्रतियुतीच्याच दिवशी जायचा अट्टहास नको. त्या दिवशी संध्याकाळी ग्रह क्षितिजाजवळ असतो. महिना-दोन महिन्यांनी तोच ग्रह अंधार पडताच चांगला वर आलेला मिळतो. गुरूची प्रतियुती साधारण दर १३ महिन्यांनी येते, शनीची एका वर्षाहून दोन आठवडे जास्त अंतराने, मंगळाची दर २६ महिन्यांनी. मंगळाच्या बाबतीत तारीख जास्त सांभाळा, कारण प्रतियुतीच्या आगेमागे काही आठवडे सोडले तर तो मोठ्या दुर्बिणीतूनही छोटी तांबूस चकती एवढाच दिसतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून अगदी कडेने, म्हणजे जवळजवळ रेघेसारखी होती. त्यानंतर ती वर्षागणिक जास्त उघडत जातात आणि २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील.

साधारण ४८.५ अंशांपेक्षा जास्त उत्तर किंवा दक्षिण अक्षांशावर राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भर उन्हाळ्यात तिथे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जातच नाही, म्हणून पूर्ण काळोख होत नाही. तिथल्या पुष्कळ वेधशाळा उन्हाळ्यात खुले कार्यक्रम बंद ठेवतात आणि शरद ते वसंत या काळात घेतात.

नोंदणी आणि ढगांचा अंदाज

काही ठिकाणी थेट गेलं तरी चालतं, काही ठिकाणी आठवडे आधी नाव नोंदवावं लागतं. नोंदणी करताना चार गोष्टी विचारून घ्या. आकाश ढगाळ असेल तर कार्यक्रम रद्द होतो की घुमट दाखवून व्याख्यान होतं? निर्णय किती वाजता आणि कुठे जाहीर होतो? मुलांसाठी वयाची अट आहे का? दुर्बिणीपर्यंत किती पायऱ्या आहेत? हा शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. जुन्या घुमटांमध्ये अरुंद गोल जिना असतो आणि दुर्बीण खालच्या दिशेला रोखलेली असेल तर आयपीस शिडी चढून गाठावा लागतो. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी किंवा गुडघे दुखणाऱ्यांसाठी काही ठिकाणी बाहेर जमिनीवर छोटी दुर्बीण लावतात, काही ठिकाणी कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर दाखवतात. ही सोय आधी कळवलं तरच होते.

हवामानाच्या अंदाजात नुसतं "अंशतः ढगाळ" वाचून समाधान मानू नका. खालचे, मधले आणि उंच ढग वेगवेगळे दाखवणारा अंदाज बघा. खालचे ढग तुकड्यातुकड्यांत असतात, त्यांच्या फटीतून ग्रह बघता येतो. उंचावरचा पातळ पडदा डोळ्यांना जेमतेम जाणवतो, पण दीर्घिका पुसून टाकतो. निघण्याआधी दोन-तीन तास उपग्रहाची ताजी अवरक्त छायाचित्रं एकापाठोपाठ पाहिली, तर ढग कोणत्या दिशेला सरकत आहेत हे कोणत्याही अंदाजापेक्षा नेमकं कळतं.

निरभ्र आकाश असूनही घुमट बंद ठेवलेला दिसला तर कर्मचाऱ्यांवर रागावू नका. हवेतला दमटपणा खूप वाढला की भिंगावर किंवा आरशावर दव धरतं. जोराचा वारा असेल तर धूळ आत येते आणि नळी थरथरते. या दोन्हींच्या मर्यादा प्रत्येक वेधशाळेने ठरवलेल्या असतात.

काय घालायचं, काय न्यायचं

घुमट आतून गरम करत नाहीत. आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार राहिली तर ती घुमटाच्या उघड्या फटीतून वर जाताना लहरी तयार करते आणि तापलेल्या रस्त्यावर पलीकडचं दृश्य हलतं तसं तारे हलतात. म्हणून कार्यक्रमाच्या तास-दोन तास आधीच घुमट उघडून आतलं आणि बाहेरचं तापमान सारखं होऊ देतात. अर्थ एवढाच, की आत जाऊनही थंडी वाजणारच. शिवाय तुम्ही चालत नसता, उभे असता. दिवसाच्या हवेला पुरतील त्यापेक्षा एक थर जास्त घाला. डोकं आणि तळवे आधी गार पडतात, म्हणून टोपी आणि जाड मोजे. पावलं अंधारात पडणार आहेत, तेव्हा पाय पूर्ण झाकणारे सपाट बूट हवेत. शिडीवर उंच टाचा धोक्याच्या.

न्यायच्या वस्तू थोड्याच. लाल उजेडाची छोटी विजेरी, तीही मंद. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लाल विजेऱ्या अतिशय प्रखर असतात. काचेवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार थर लावले की उजेड कामापुरता उरतो. घरात ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री असेल तर जरूर न्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास). छोटी वही आणि पेन्सिल.

लेझर पॉइंटर नेऊ नका. आकाशात दिशा दाखवायला मार्गदर्शकाकडे तो असतोच, आणि विमानाच्या दिशेने गेलेला लेझर वैमानिकाला आंधळं करू शकतो. डासांसाठीचा फवारा दुर्बिणीच्या जवळ मारायचा नाही. त्यातल्या डीईईटी या रसायनाने प्लास्टिक विरघळतं आणि त्याचे तुषार भिंगावर बसले तर लेप खराब होतो. वाहनतळावरच लावा, हात पुसा आणि मग आत या.

डोळे तयार करा

उजेडातून अंधारात आल्यावर बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरा बदल त्यानंतर सुरू होतो. दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते उजेडाने विघटित होतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा साठतं. त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. एकदा फोनचा पडदा पाहिला की घड्याळ जवळजवळ शून्यावर येतं. लाल उजेडाला दंडपेशी फारशा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून वेधशाळेत सगळीकडे लाल दिवे दिसतात.

यातून एक सोपी शिस्त निघते. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचा. गाडी लावताना दिवे दुर्बिणींच्या दिशेने पडणार नाहीत अशी लावा, दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा बंद ठेवा. फोनवर काही बघायचं असेल ते वाहनतळावरच उरका आणि मग फोन खिशात. फोनच्या "रात्रीच्या रंगसंगती"वर विसंबू नका; पडदा पिवळसर होतो, पण प्रखर राहतोच.

ज्या डोळ्याने दुर्बिणीतून बघणार तो डोळा चुकून आलेल्या उजेडात हाताने झाका. दोन्ही डोळे वेगवेगळे अंधाराला सरावतात, त्यामुळे एक वाचवला तरी काम भागतं.

घुमटात शिरल्यावर

आत पाऊल टाकल्यावर दाराशी क्षणभर थांबा. अंधार असतो, जमिनीवर केबल असतात, मधोमध दुर्बिणीचा खांब आणि कुठेतरी शिडी. घुमट फिरायला लागला की मोठा आवाज होतो आणि लहान मुलं दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवा. घुमट फिरताना भिंतीला टेकू नका, तिथे फिरती चाकं आणि रूळ असतात.

जुन्या विद्यापीठांमध्ये बहुधा भिंगांची लांबच लांब दुर्बीण भेटते. केंब्रिज विद्यापीठाची नॉर्थम्बरलंड दुर्बीण १८३८ मध्ये उभी राहिली. तिचं भिंग सुमारे ३० सेंटीमीटरचं आहे, आणि १८४६ मध्ये नेपच्यूनच्या शोधासाठी खगोलशास्त्रज्ञ जेम्स चॅलिस याच दुर्बिणीतून आकाश पिंजत होते. शिकागो विद्यापीठाने उभारलेल्या यर्किस वेधशाळेतली १८९७ ची दुर्बीण तर १०२ सेंटीमीटर भिंगाची. तिची नळी इतकी लांब की शिडीऐवजी घुमटाची अख्खी जमीनच वरखाली करण्याची सोय केलेली आहे. अशा दुर्बिणी ग्रह, चंद्र आणि जोडताऱ्यांसाठी अप्रतिम. नव्या घुमटांत आरशाची दुर्बीण असते आणि ती फिकट दीर्घिकांसाठी जास्त कामाची. अगदी मोठ्या संशोधन दुर्बिणींना आयपीसच नसतो, तिथे कॅमेरे आणि वर्णपटमापक (प्रकाश रंगांत विभागून मोजणारी उपकरणं) बसवलेले असतात. "सगळ्यात मोठ्या दुर्बिणीतून का दाखवत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

३० सेंटीमीटरच्या दुर्बिणीत जमणारा प्रकाश ७ मिलिमीटरच्या पूर्ण उघडलेल्या बाहुलीत शिरणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे १,८०० पट असतो. दुर्बिणीचं खरं बळ हे आहे. "किती पट मोठं दिसतं" हा प्रश्न सगळे विचारतात, पण तो आकडा आयपीस बदलला की बदलतो. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) भागिले आयपीसचं नाभीय अंतर: ४,५०० मिलिमीटरच्या नळीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला तर १८० पट. हवा साथ देत नसेल तर २०० ते ३०० पटींच्या पुढे फक्त मोठा आणि पुसट गोळा दिसतो.

रांगेचाही हिशेब करून ठेवा. ४० माणसं, प्रत्येकी दीड मिनिट, म्हणजे एका वस्तूला एक तास. मुख्य दुर्बिणीतून संध्याकाळभरात दोन, फार तर तीन गोष्टी दिसतील. शुक्र, बुध किंवा चंद्रकोर पश्चिमेला मावळत असेल तर आधी तिकडे पळा. पूर्वेला उगवणाऱ्या गोष्टींसाठी उशिरा थांबा: त्या वर येतात, रांग ओसरते आणि मार्गदर्शकही निवांत होतो. क्षितिजापासून ३० अंशांवर असलेल्या वस्तूकडे बघताना डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून बघावं लागतं, त्याखाली तर आणखीच.

आयपीसपाशी

आयपीसला, नळीला किंवा दुर्बिणीच्या कोणत्याही भागाला धरू नका. १८० पटींत बोटाचा हलका स्पर्शही भूकंपासारखा दिसतो आणि वस्तू दृश्याबाहेर जाऊ शकते. हात पाठीमागे बांधून किंवा स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून वाका. शिडीवर असाल तर एक हात शिडीच्या कठड्यावर.

डोळा आयपीसच्या भिंगाला चिकटवायचा नाही. भिंगाच्या मागे साधारण एक ते दोन सेंटीमीटर अंतरावर एक जागा असते, जिथे सगळा प्रकाश एका छोट्या वर्तुळातून जातो. बाहुली नेमकी तिथे आली पाहिजे. जवळ गेलात तर पापण्या घासतात आणि काळ्या सावल्या नाचतात, लांब राहिलात तर बारीक भोकातून बघितल्यासारखं वाटतं. आधी २० सेंटीमीटरवरून आयपीसमध्ये उजळलेला गोल शोधा, मग डोकं न हलवता सरळ रेषेत हळूहळू पुढे या. गोल मोठा होत होत एकदम पूर्ण भरतो. ती जागा सापडली की तिथेच थांबा.

चष्मा जवळचा किंवा लांबचा असेल तर काढा आणि फोकस तुमच्यासाठी जुळवून द्यायला सांगा, दुर्बीण तेवढा नंबर सहज भरून काढते. सिलिंडरचा नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवलेला बरा, फोकसने तो दोष जात नाही. फोकसच्या चाकाला विचारल्याशिवाय हात लावू नका, पण विचारायला अजिबात संकोच करू नका. आधीच्या माणसाच्या डोळ्याला जुळवलेला फोकस तुमच्या डोळ्याला पुसट दिसणं अगदी स्वाभाविक आहे, आणि पुष्कळ लोक ते पुसट चित्र पाहूनच निराश होऊन घरी जातात.

दुसरा डोळा गच्च मिटू नका. मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि बघणारा डोळाही थरथरतो. तो उघडाच ठेवून तळहाताने झाका.

आता बघायला सुरुवात. पहिले दहा सेकंद फक्त जागा शोधण्यात जातात, जाऊ द्या. मग कडा बघा, मग मध्य. हवा सतत हलत असते, त्यामुळे ग्रहाचं बिंब पाण्याखालच्या नाण्यासारखं डुलतं, आणि मधेच अर्ध्या सेकंदासाठी सगळं स्थिर होतं. त्या अर्ध्या सेकंदात गुरूचे पट्टे, कड्यांमधली फट, विवराच्या तळातली छोटी विवरं लख्ख दिसतात. अनुभवी निरीक्षक या क्षणांचीच वाट बघत आयपीसपाशी बसलेला असतो. तुम्हालाही दोन-तीन असे क्षण मिळाले की मगच बाजूला व्हा. एक मिनिट घेणं हा तुमचा हक्क आहे.

फिकट गोष्टींसाठी तिरपी नजर वापरा. आपण ज्या बिंदूकडे रोखून बघतो तिथे दृष्टिपटलावर दंडपेशी जवळजवळ नसतात, त्या बाजूला दाट असतात. म्हणून दीर्घिकेकडे थेट न बघता जरा बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र दीर्घिकेवर ठेवायचं. उजव्या डोळ्याने बघत असाल तर वस्तूच्या थोडं उजवीकडे, डाव्याने बघत असाल तर डावीकडे. उलट केलंत तर वस्तू डोळ्याच्या अंध बिंदूवर येऊन गायब होऊ शकते. पहिल्या प्रयत्नात जमत नाही, तिसऱ्या-चौथ्यात जमतं, आणि जमल्यावर काळ्या गोलात एक धूसर डाग अलगद उमटतो. तरीही दिसलं नाही तर मार्गदर्शकाला नळीवर अगदी हलकी टिचकी मारायला सांगा; हलणारी फिकट वस्तू डोळा लवकर टिपतो.

वस्तू एका बाजूला सरकत निघाली तर घाबरू नका. पृथ्वी फिरते आहे, आकाश तासाला १५ अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश सरकतं. मोठ्या वर्धनात दिसणारा आकाशाचा तुकडाच पाव अंशाचा असतो. मागोवा घेणारी मोटर बंद पडली की मिनिटाभरात ग्रह बाहेर जातो. "निघून गेला" असं लगेच सांगा. मागचे दहा जण रिकामं आकाश बघून गेले आणि कुणीच बोललं नाही, असं खरोखर होतं.

नेमकं काय दिसेल

छायाचित्रांतले रंग मनातून काढून टाका. कॅमेरा मिनिटामिनिटांचा प्रकाश साठवतो, डोळा सेकंदाच्या छोट्या अंशापुरताच धरून ठेवतो, आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळत नाही. म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका राखाडी दिसतात. मृगातला तेजोमेघ मोठ्या दुर्बिणीत किंचित हिरवट वाटतो, त्याच्या पोटात चार तारे समलंब चौकोनात बसलेले दिसतात. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे.

रंग बघायचेच असतील तर ताऱ्यांचे बघा. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ हा जोडतारा एक सोनेरी आणि एक निळसर दिसतो, आणि त्याला पाहून कुणी निराश होत नाही. सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बिणीत स्वतः वसिष्ठच दोन ताऱ्यांत फुटतो.

गुरूपाशी चार चंद्र एका ओळीत दिसतात, कधी तीन, कारण एखादा ग्रहाच्या पुढे किंवा मागे असतो. सर्वांत आतला आयो ४२ तासांत एक फेरी पुरी करतो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला आणि दोन तासांनी पुन्हा बघितलंत, तर तो हललेला स्पष्ट कळतो. वहीत एक गोल आणि चार ठिपके काढून वेळ लिहा. दहा सेकंदांचं हे काम आहे आणि त्यात १६१० मध्ये गॅलिलिओने टिपलेलं तुम्ही स्वतः टिपता.

शौरीतला एम १३ हा बंदिस्त तारकागुच्छ लाखो ताऱ्यांचा आहे. छोट्या दुर्बिणीत तो कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो, ३० सेंटीमीटरच्या दुर्बिणीत तिरप्या नजरेने कडेचे तारे सुटे होऊ लागतात. इथे घाई केलीत तर फक्त कापूसच दिसेल.

देवयानी दीर्घिकेबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. तिच्याकडून निघालेला प्रकाश २५ लाख वर्षांनी आपल्यापर्यंत पोहोचतो, हे ऐकून सगळे मोठ्या अपेक्षेने रांगेत लागतात. पण ती आकाशात सुमारे ३ अंश पसरली आहे, म्हणजे सहा पूर्णचंद्र शेजारी ठेवावेत तेवढी. मोठ्या दुर्बिणीत तिचा फक्त मधला उजळ भाग मावतो. तीच गोष्ट कृत्तिकांची. या दोन्ही तुमच्या द्विनेत्रीतून किंवा मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या शोधक दुर्बिणीतून जास्त सुंदर दिसतात. रांगेत उभं असताना त्याच बघून घ्या.

मार्गदर्शक बहुधा विद्यापीठातला विद्यार्थी असतो आणि त्याला प्रश्न आवडतात. आयपीसला डोळा लावण्याआधी विचारा: वस्तू दृश्यात कुठे असेल, तिचा आकार केवढा दिसेल, आणि तिच्यात काय शोधू? हा तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण काय शोधायचं ते माहीत असलं की डोळ्याला ते सापडतं. चित्र उलटं का, हेही विचारा. साध्या भिंगांच्या दुर्बिणीत वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही फिरतं, मधे काटकोनी आरसा बसवला की फक्त डावं-उजवं.

मुलांना नेत असाल तर

लहान मुलांना आयपीसमध्ये स्वतःच्याच पापण्या दिसतात आणि मोठ्यांना बरं वाटावं म्हणून ती "दिसलं" म्हणतात. "दिसलं का?" असं विचारू नका. "त्याचा आकार कसा आहे?", "किती ठिपके आहेत?" असं विचारा. आदल्या दिवशी कागदाच्या नळीतून एक डोळा झाकून लांबची वस्तू बघण्याचा सराव करून घ्या. सुरुवात चंद्रापासून करा, तो चुकत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शिडीवर मागून आधार द्या, पण उचलून आयपीसपाशी धरू नका. उचललेलं मूल हलतं आणि तोल सावरायला दुर्बीणच धरतं.

फोनने फोटो

फोनने नीट येतो तो चंद्र. गुरू-शनी जेमतेम, बाकी काही नाही. आधी डोळ्याने पूर्ण बघा, रांग संपत आल्यावर परवानगी घेऊन फोटो काढा. फ्लॅश बंद करा आणि पडद्याची प्रखरता सर्वांत कमी ठेवा. आयपीसपासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर फोनचं भिंग समांतर धरा. फोनला अनेक कॅमेरे असतील तर साधा, एक पट असलेला निवडा. चंद्राच्या उजळ भागावर बोट दाबून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, मग प्रकाश खाली ओढा, विवरं दिसू लागेपर्यंत. सलग दहा-बारा फोटो घ्या, त्यातला एखादा हवेच्या स्थिर क्षणाचा निघतो.

ढग आले तर

थांबा. उंच पातळ ढगांतूनही ग्रह दिसतात, आणि हवेत किंचित धुकट थर असताना ती पुष्कळदा स्थिर असते, त्यामुळे शनी नेहमीपेक्षा रेखीव मिळतो. याउलट पाऊस पडून गेल्यावरचं चकाकणारं, तारे जोरात लुकलुकणारं आकाश दीर्घिकांसाठी चांगलं, पण ग्रहांसाठी वाईट. पूर्ण ढग भरले तर घुमटाची यंत्रणा उजेडात बघण्याची संधी घ्या: नळीचं वजन तोलणारी वजनं, पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवलेला अक्ष, जुन्या दुर्बिणीत वजनाने चालणारं घड्याळयंत्र. आकाश स्वच्छ असताना हे दाखवायला कुणालाच वेळ नसतो.

परत कधी यायचं

प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटं आधी उगवतो, महिन्याला दोन तास. आज रात्री दहा वाजता डोक्यावर असलेले तारे तीन महिन्यांनी त्याच वेळी पश्चिमेला मावळतीला आलेले असतात आणि पूर्वेकडून नवं आकाश वर आलेलं असतं. म्हणून पुढची नोंदणी तीन महिन्यांनंतरची करा, आणि या वेळी चंद्र पाहिला असेल तर तेव्हा अमावास्येजवळची तारीख घ्या. वहीतली गुरूच्या चंद्रांची ओळ तोवर घरच्या द्विनेत्रीतून चालू ठेवता येते. कोपर भिंतीवर टेकून द्विनेत्री स्थिर धरली की त्यातले दोन-तीन चंद्र दिसतात.